वाचक विचारतात : बाजारपेठेने स्वतःवरच लावून घेतलेला कर

मागच्या अंकातल्या एका छोट्या टिपणात बीआयडीचा म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्टचा उल्लेख आला होता. एखाद्या भागातले मालक नाहीतर व्यापारी नेहमीच्या करावर अजून थोडा पैसा भरतात, तो महापालिका वसूल करून त्यांच्याच संस्थेला देते आणि ती संस्था त्या भागाची सफाई, दिवे, सुरक्षा, जाहिरात असलं सगळं बघते, एवढंच त्यात लिहिलं होतं. त्यावर पत्रं बरीच आली, काही चिडलेली पण आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय.

प्रश्न : आम्ही महापालिकेला कर भरतोच. आता झाडलोटीचा खर्च पण आम्हीच करायचा का? आणि करायचाच असेल तर व्यापारी संघटना आहे की, वर्गणी काढा आणि करा, त्याला कायदा कशाला पाहिजे? (एक दुकानदार)

उत्तर : आधी वर्गणीचं बोलू, कारण खरी गोम तिथेच आहे. वर्गणी काढून सगळ्यांनीच कधी ना कधी बघितलेली असते. पन्नासातले वीस जण देतात, रस्त्यावर दिवे लागतात, आणि ते दिवे काही पैसे देणाऱ्याच्याच दुकानासमोर पडत नाहीत, न देणाऱ्याचंही गिऱ्हाईक त्याच उजेडात येतं. मग पुढच्या वर्षी त्या वीसातले दहा म्हणतात की आम्हीच काय मूर्ख आहोत का, आणि तिसऱ्या वर्षी संघटनेकडे फक्त लेटरहेड उरतं. यात कोणी वाईट माणूस असायची गरज नाही, हिशोबच तसा आहे.

कॅनडातल्या टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातल्या दुकानदारांचं १९६० च्या दशकात हेच झालं. मॉल उघडले होते, त्यात ब्लूर स्ट्रीटखालून सबवे म्हणजे भुयारी रेल्वे सुरू झाली, म्हणजे आधी जी माणसं रस्त्यावरून दुकानं बघत जायची ती आता जमिनीखालून जायला लागली. दुकानदारांना रस्ता सजवायचा होता, पण सगळे पैसे देईनात. मग त्यांनी शहर आणि प्रांत सरकारकडे एक जरा विचित्र मागणी केली, की आमच्यावर कर लावा, सगळ्यांवर लावा, कोणाला सोडू नका, फक्त तो पैसा आमच्याच रस्त्यावर खर्च करू द्या. प्रांताने कायदा केला आणि १९७० मध्ये तिथे जगातली अशी पहिली संस्था उभी राहिली. तेव्हा कायदा पाहिजे तो सक्तीसाठी. बीआयडीतून ही सक्ती काढली तर खाली जुनी व्यापारी संघटनाच उरते.

महापालिकेने मग काय करायचं, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय, त्याचं उत्तर पुढे येतंय.

प्रश्न : म्हणजे हे सोसायटीच्या मेंटेनन्ससारखंच झालं ना? बहुमताने ठराव केला की सगळ्यांनी भरायचं. मग इतका वाद कशाचा? (एक वाचक)

उत्तर : पैसे भरण्यापुरतं तसंच आहे. मतदानात मात्र गाडी वेगळीकडे जाते, कारण सोसायटीत साधारणपणे एक फ्लॅट एक मत असतं आणि मोठ्या फ्लॅटवाल्याला दोन मतं मिळत नाहीत. बीआयडीत बहुतेक ठिकाणी मालमत्तेचं वजन धरतात.

इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्याने बीआयडी आल्या, तिथे दोन चाळण्या लावतात. मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी हो म्हणायला हवं, आणि हो म्हणणाऱ्यांच्या जागांचं करपात्र मूल्य नाही म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त हवं. दोन्ही पार झालं तरच पास. म्हणजे चार बड्या दुकानांना सगळ्या छोट्यांवर ठराव लादता येत नाही आणि छोट्यांना एकत्र येऊन बड्यांच्या खिशात हात घालता येत नाही. मला ही पद्धत त्यातल्या त्यात बरी वाटते. कॅलिफोर्नियाच्या १९९४ च्या कायद्यात मात्र आधी सह्या गोळा करतात आणि त्या सह्या पैशाने मोजतात, म्हणजे एकूण जेवढी रक्कम जमायची आहे तिच्या निम्म्याहून जास्त भरणारे मालक तयार असले की गाडं पुढे सरकतं, मग ते मालक डोक्यांनी किती का असेनात. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

न्यूयॉर्कची तऱ्हा अजून निराळी. तिथे हो म्हणणाऱ्यांची मोजणी नसते, हरकत घेणाऱ्यांची असते. ठरलेल्या मुदतीत मालकांपैकी बहुसंख्यांनी, किंवा ज्यांच्याकडे बहुतांश मूल्याची मालमत्ता आहे अशांनी, लेखी हरकत नोंदवली तरच प्रस्ताव पडतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्येही थोडंफार असंच, तिथे एक तृतीयांशाहून जास्त विरोध झाला की प्रस्ताव बारगळतो. आता विचार करा, ज्याने नोटीस उघडलीच नाही तो या हिशोबात कुठे गेला? तो हो म्हणणाऱ्यांत जमा झाला. माझा आक्षेप विचाराल तर इथे आहे. जो कर लोक स्वतःहून लावून घेतात असं आपण म्हणतो, त्यात गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरणं मला पटत नाही, आणि गप्प कोण बसतं तर ज्याला दुकान सोडून मिटिंगला जाता येत नाही तोच.

न्यूयॉर्कमध्ये हा वाद कोर्टापर्यंत गेला होता. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या आसपासच्या बीआयडीत राहणारे काही लोक म्हणाले की आम्हीही त्याच हद्दीत राहतो, मग संचालक मंडळावर मालकांचंच बहुमत का, एक माणूस एक मत हे तत्त्व इथे का लागू नाही? १९९८ मध्ये फेडरल अपील कोर्टाने ते मानलं नाही. कोर्टाचं म्हणणं असं की ही संस्था सरकार नाहीये, तिची कामं मर्यादित आहेत, तिचा बोजा मुख्यतः मालकांवर पडतो आणि वरून शहराचा अंकुश आहे, तेव्हा मालकांना झुकतं माप चालेल. कायद्याने तो प्रश्न मिटला. पण त्यात एक अट दडलेली आहे, की कामं मर्यादित असली पाहिजेत. झाडू, दिवे, कुंड्या इथपर्यंत ठीक, पण कोणी कुठे बसायचं आणि कोणी उठायचं हे ती संस्था ठरवायला लागली की तोच युक्तिवाद लंगडा पडतो.

प्रश्न : मी भाड्याने दुकान चालवते. हा पैसा मालक भरणार की मी? आणि मला मत आहे का? (एक दुकानदार)

उत्तर : देशावर अवलंबून आहे, आणि सही करायच्या आधी विचारावा असाच हा प्रश्न आहे. न्यूयॉर्क, हॅम्बुर्ग इथे बिल मालकाच्या नावाने निघतं. इंग्लंडमध्ये जागा वापरणारा म्हणजे दुकान चालवणारा भरतो आणि मतही त्यालाच, लंडनमध्ये काही ठिकाणी मालकांच्या वेगळ्या बीआयडी आहेत तेवढा अपवाद सोडला तर.

मालकाच्या नावाने बिल निघतं म्हणून भाडेकरू सुटला असं समजू नका. व्यापारी भाडेकरारात पुष्कळदा एक कलम असतं की मालमत्तेवरचे सगळे कर आणि आकार भाडेकरूने द्यायचे, त्या कलमातून हा पैसा गुपचूप तुमच्याकडे येतो. मत मालकाचं, खिसा तुमचा. न्यूयॉर्कच्या मंडळांवर भाडेकरू व्यापाऱ्यांना आणि रहिवाशांना जागा असते, पण बहुमत मालकांचंच ठेवलेलं असतं.

आणि यावर एक दुसरा पेच आहे जो पहिली चार वर्षं दिसत नाही. रस्ता सुधारला की जागेची किंमत वाढते, किंमत वाढली की करार संपताना भाडं वाढतं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फर्मन सेंटरने २००७ मध्ये शहरातल्या बीआयडींचा अभ्यास मांडला होता, त्यात बीआयडीतल्या व्यापारी मालमत्तांच्या किमती आसपासच्या मालमत्तांच्या तुलनेत सुमारे १५ टक्के वाढलेल्या दिसल्या. मालकासाठी ही आनंदाची बातमी आहे. तुम्ही तीन वर्षं बीआयडीचा तो जादा आकार भरला असेल तर थोडक्यात स्वतःचंच भाडं वाढवायला पैसे दिले असंही होऊ शकतं. म्हणून सांगतो, करारात दोन गोष्टी आधीच लिहून घ्या, आकार कोण देणार आणि मुदत किती वर्षांची. लांब मुदत असेल तर सुधारणेचा फायदा थोडा तरी तुमच्या वाट्याला येतो.

प्रश्न : खरंच फरक पडतो का, की नुसत्या कुंड्या आणि बॅनर? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : पडतो, पण सगळीकडे नाही. वरच्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लोक सांगायची विसरतात, की तो फायदा मुख्यतः मोठ्या, ऑफिसांनी भरलेल्या आणि तगड्या बजेटच्या बीआयडींमध्ये दिसला, छोट्या किरकोळ दुकानांच्या बीआयडींमध्ये जवळपास काहीच दिसला नाही. आता गंमत बघा, ही योजना मुळात छोट्या दुकानांच्या रस्त्यावर जन्माला आली. छोट्या बीआयडीचं बजेट एवढंसं असतं की एक मॅनेजर, त्याचं ऑफिस आणि हिशोबनीस यातच बरंचसं संपतं आणि रस्त्यासाठी चिल्लर उरते.

गुन्ह्यांच्या बाबतीत लॉस एंजेलिसचा अभ्यास आहे. रँड या संशोधन संस्थेने तिथल्या ३० बीआयडी बघितल्या, आणि बीआयडी आल्यानंतर त्या भागांत रस्त्यावरची लुटालूट १२ टक्क्यांच्या आसपास जास्त घटलेली दिसली. ज्या बीआयडींनी सुरक्षेवर भरपूर खर्च केला तिथे परिणाम ठळक होता. शेजारच्या भागात गुन्हे नुसते सरकले का, हेही संशोधकांनी तपासलं, तसा काही ठोस पुरावा मिळाला नाही.

बाकी डोळ्यांना दिसणारं उदाहरण हवं असेल तर न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क. सार्वजनिक वाचनालयाच्या मागची ही बाग १९७० च्या दशकात ड्रग्ज विकणाऱ्यांच्या ताब्यात गेलेली होती. विल्यम व्हाइट हे शहरातल्या मोकळ्या जागांचा अभ्यास करणारे गृहस्थ, त्यांनी निदान असं केलं की बाग रस्त्यापेक्षा उंचावर आहे, भोवती कुंपण आणि दाट झुडपं आहेत, आत शिरायच्या वाटा मोजक्या आहेत, मग आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही आणि साधा माणूस आत पाऊल टाकत नाही. १९८८ ला बाग बंद केली, झुडपं काढली, वाटा रुंद केल्या, आणि १९९२ ला उघडली तेव्हा आत सुट्ट्या खुर्च्या ठेवल्या, ज्या कोणीही उचलून पाहिजे तिथे मांडाव्यात. आज ती तिथली गजबजलेली जागा आहे आणि खर्चाला शहराच्या उद्यान खात्याचा पैसा लागत नाही, आसपासच्या मालकांचा आकार, भाडी, कार्यक्रमांचे प्रायोजक यातून भागतं. मला त्यातल्या खुर्च्याच सगळ्यात आवडतात. पहारेकरी काय कोणीही ठेवतो, पण लोकांवर विश्वास ठेवून सुट्ट्या खुर्च्या ठेवायला धाडस लागतं, आणि गर्दी झाली की पहाऱ्याचं अर्धं काम गर्दीच करते.

प्रश्न : रस्त्यावर राहणाऱ्यांचं, फिरत्या विक्रेत्यांचं काय? स्वच्छ रस्ता म्हणजे गरीब दिसेनासा झालेला रस्ता, असाच अर्थ निघतो शेवटी. (समाजशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे. पैसे भरणारे दुकानदार आणि ऑफिसवाले, त्यांना गिऱ्हाईक हवं, आणि दारात झोपलेला माणूस गिऱ्हाईक घालवतो असं त्यांना वाटतं. संस्थेचं उत्तरदायित्व पैसे भरणाऱ्यांशी, मग ती कोणाचं ऐकणार हे उघड आहे. केप टाउनच्या मध्यवर्ती भागात २००० पासून अशी संस्था आहे. तिथे रस्ते सुधारले, गुंतवणूक परत आली हे खरं, पण खासगी सुरक्षारक्षक गरिबांना हुसकावतात ही टीकाही तेव्हापासून चिकटलेली आहे, आणि त्या संस्थेने स्वतःचे समाजकार्यकर्ते नेमले तरी ती थांबलेली नाही.

भलं करायच्या नावाखाली पण गडबड होते. ग्रँड सेंट्रलच्या संस्थेने बेघर लोकांसाठी कामाचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यांच्याकडून झाडलोट, पहारा, ऑफिसची कामं करून घेतली आणि तासाला एक ते दीड डॉलर दिला, जो तेव्हाच्या किमान वेतनाच्या कितीतरी खाली होता. कामगार कोर्टात गेले. १९९८ मध्ये न्यायाधीश सोनिया सोटोमायोर, ज्या पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेल्या, त्यांनी निकाल दिला की हे प्रशिक्षणार्थी प्रत्यक्षात कामगारच आहेत, त्यांना किमान वेतन द्यावंच लागेल.

माझं मत सरळ आहे. बीआयडीच्या रक्षकाला पोलिसाचे अधिकार नकोत, त्याचं काम बघणं आणि कळवणं. विक्रेत्यांचा परवाना, जागा, वेळ हे निवडून आलेल्या सभागृहाने ठरवायचं, जिथे त्या विक्रेत्यालाही मत असतं.

प्रश्न : बीआयडी आली की महापालिका हळूच आपला झाडूवाला काढून घेणार, पैज लावतो. (नाव देऊ नये ही विनंती)

उत्तर : पैज लावायला नको, ही भीती कायदा करणाऱ्यांनाही होती. म्हणूनच इंग्लंडमध्ये मतदानाआधी स्थानिक परिषदेला एक निवेदन द्यावं लागतं, की आज या भागात आम्ही अमुक अमुक सेवा देतोय, त्याच्या वर जे काही ते बीआयडीने करायचं. न्यूयॉर्कमध्येही तत्त्व हेच, की बीआयडीची सेवा शहराच्या सेवेला पूरक, तिच्या बदल्यात नाही. बीआयडीचा माणूस फुटपाथ झाडतो, डबे रिकामे करतो, पिशव्या बांधून ठेवतो, आणि त्या पिशव्या उचलते शहराचीच गाडी.

कागदावर छान आहे. अडचण अशी की ते निवेदन मोघम असतं. "नियमित सफाई" असं लिहिलं तर दिवसातून दोनदा पण नियमित आणि आठवड्यातून एकदा पण नियमित. त्यात कुठला रस्ता, किती वेळा, किती वाजता, किती माणसं हे आलं पाहिजे, आणि दरवर्षी ते तपासलं पाहिजे. अन् तंगीच्या काळात परिषद संपूर्ण शहराचीच सफाई कमी करते तेव्हा ती म्हणते की आम्ही सगळ्यांचीच कमी केली, तुमच्यावर काही वेगळा अन्याय नाही, आणि तिथे करारही फार काही करू शकत नाही.

याहून मला टोचणारी गोष्ट दुसरी आहे. ज्या भागातले मालक पैसेवाले, तो भाग चकाचक, आणि दोन चौक सोडून ज्यांना परवडत नाही ते जसेच्या तसे. आपला भाग झकास आहे म्हटल्यावर वजनदार माणसं शहराच्या सफाईबद्दल ओरडायची पण थांबतात. यावर उपाय बीआयडीच्या आत नाहीच, तो शहराच्या बजेटमध्येच शोधावा लागेल.

प्रश्न : याला पीपीपी म्हणतात ना? म्हणजे टोल रोडसारखंच, कंपनी पैसे लावणार आणि आपल्याकडून वसूल करणार? (एक इंजिनियर)

उत्तर : सरकारी-खासगी भागीदारी आहे, पण त्या जातीची नाही. टोल रोडमध्ये कंपनी भांडवल घालते, नफा काढते आणि करार वीस-तीस वर्षांचा. इथे संस्था साधारणपणे ना-नफा, मुदत इंग्लंडमध्ये जास्तीत जास्त पाच वर्षं, पुढे जायचं तर पुन्हा मतदान. सरकारचा वाटा म्हणजे कायदा, वसुली आणि देखरेख. न्यूयॉर्कच्या प्रत्येक मंडळावर महापौर, कम्प्ट्रोलर (शहराचे हिशोब तपासणारा अधिकारी), बरोचे म्हणजे शहराच्या त्या विभागाचे अध्यक्ष आणि तिथले नगरसेवक यांचे प्रतिनिधी बसतात. मुदत बांधलेली नसती तर मी या प्रकाराच्या बाजूने बोललोच नसतो.

प्रश्न : समजा कायदा आहे, लोक तयार आहेत. सुरुवात कुठून करायची? आणि पाच वर्षांनी मतदान हरलो तर लावलेले बाक, दिवे कोणाचे? (व्यापारी संघटनेचे एक पदाधिकारी)

उत्तर : सुरुवात नकाशापासून. हद्दीची रेघ कुठे ओढता यावर निम्मं यश ठरतं, कारण लांबच्या गल्लीतल्या माणसाला ओढून आणलं तर तो पैसे भरणार आणि त्याला मिळणार काही नाही, म्हणजे पहिल्या दिवसापासून एक शत्रू तयार. मग पैसे भरणाऱ्यांची अचूक यादी, त्याला वाटतं त्यापेक्षा फार वेळ लागतो. मग त्यांना विचारा काय हवंय, आणि तीनच कामं निवडा. ब्रिटनमध्ये आकार बहुधा करपात्र मूल्याच्या १ ते २ टक्के असतो, तेवढ्यात दहा आश्वासनं बसत नाहीत. आणि आजचे फोटो, आजची अस्वच्छता, आजची रिकामी दुकानं याची नोंद ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी दाखवायला काही नसतं आणि माणसं म्हणतात की हे तर आधीपासूनच असं होतं.

हरलात तर नोकर कमी करावे लागतात आणि संस्था गुंडाळावी लागते, इंग्लंडमध्ये अशा बंद पडलेल्या आहेत. तिथल्या नियमांत उरलेला पैसा भरणाऱ्यांना परत करायची तरतूद आहे. दिवे आणि बाक यांचं मात्र पहिल्या दिवशीच महापालिकेशी लेखी ठरवा, कोणाच्या मालकीचे आणि संस्था गेल्यावर दुरुस्ती कोणी करायची. हॅम्बुर्गच्या नॉयर वॉल रस्त्यावर मालकांनी पहिल्या पाच वर्षांत सुमारे ६० लाख युरो घातले, त्यातला मोठा भाग दगडी फरसबंदी आणि रस्त्याच्या नव्या रचनेत गेला, आणि फरसबंदी काही उचलून घरी नेता येत नाही. बाकांचं ठरलं नसेल तर पहिला बाक मोडेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि मोडला की मग महापालिका म्हणते तुमचा, तुम्ही म्हणता महापालिकेचा.